पिक विकणारा मालक की विकत घेणारा? एनबीएमधला संघ धरण्याआधी

माझा भाचा अकरावीत आहे आणि त्याला नुकतंच एनबीएचं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं, वेड लागलंय. हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊला वेस्टचे, म्हणजे पश्चिम विभागातल्या संघांचे, सामने सुरू होतात, तेव्हा हा बसमध्ये मोबाइल धरून उभा असतो. परवा विचारलं, "मामा, फिनिक्स धरू की गोल्डन स्टेट?" एकदा संघ धरला की दहा-पंधरा वर्षं त्याच्याबरोबर जातात, त्यामुळे मला हा प्रश्न साधा वाटला नाही. मी त्याला म्हटलं, खेळाडू बघू नकोस, ते येतात-जातात. जूनमध्ये ड्राफ्टच्या रात्री मालक काय करतो ते बघ.

ड्राफ्टमध्ये ३० संघ दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. निवडीची प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक. संघ तो वापरू शकतो, दुसऱ्या पिकशी बदलू शकतो किंवा चक्क रोख पैशाला विकू शकतो. विक्रीचे पैसे मालकाच्या खात्यात जमा होतात. त्या पैशाने सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरच्या मर्यादेत, एका डॉलरचीही जागा वाढत नाही. दुसऱ्या फेरीच्या पिकचा तर करार होईपर्यंत कॅपवर भारही नसतो. म्हणजे तो विकून संघाच्या हाती खेळासाठी काहीच पडत नाही.

आता फिनिक्स. रॉबर्ट सार्व्हर यांनी २००४ मध्ये हा संघ ४० कोटी १० लाख डॉलरना घेतला. त्याच वर्षी सातव्या पिकवरचा लुओल डेंग शिकागोला दिला. बदल्यात ३१वा पिक, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आणि रोख रक्कम मिळाली. हा सौदा मी समजू शकतो. सातव्या पिकचा पगार कॅपवर बसला असता आणि त्या उन्हाळ्यात त्यांना स्टीव्ह नॅशला आणायचं होतं. नॅश आला आणि २००५, २००६ असा लागोपाठ दोनदा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला.

पुढचं मात्र मला आजही खुपतं. २००६ मध्ये २१व्या पिकवर राजॉन राँडो आला. त्याला ब्रायन ग्रँटच्या नकोशा करारासोबत बॉस्टनला देऊन टाकलं. हाती आली रोख रक्कम आणि क्लीव्हलंडचा २००७ चा पिक. तो निघाला २४वा आणि त्यावर रूडी फर्नांडेझची निवड झाली. त्यालाही त्याच रात्री, जेम्स जोन्सला सोबत देऊन, पोर्टलंडला ३० लाख डॉलरना विकलं. म्हणजे राँडोचा एका वर्षात शेवटी झाला एक चेक. काही दिवसांतच लक्झरी टॅक्स (पगारखर्च ठरावीक रेषेपलीकडे गेला की लीगला भरावा लागणारा दंड) वाचवायला कर्ट थॉमसला सिॲटलला पाठवलं आणि त्याला घ्यावं म्हणून पहिल्या फेरीचे दोन पिक वर दिले. त्यातल्या एकावर २००८ मध्ये सर्ज इबाका निवडला गेला. राँडो २००८ मध्ये बॉस्टनकडून विजेता ठरला. नॅशचा फिनिक्स २००५, २००६ आणि २०१० मध्ये वेस्टच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. नॅशला दम खायला बाकावर त्याच्यासारखा खेळ रचणारा धड बदली गार्ड बऱ्याचदा नसायचा, हे ज्यांनी ते सामने पाहिलेत त्यांना आठवत असेल. आमच्याकडे याला बियाणं विकून खाणं म्हणतात.

२०२३ मध्ये संघ मॅट इश्बिया यांच्याकडे गेला तेव्हा त्याचं मूल्य ४०० कोटी डॉलर धरलं होतं. त्या आकड्याशेजारी ते ३० लाख ठेवून बघा.

दुसरीकडे गोल्डन स्टेट. जो लेकब आणि पीटर ग्युबर यांनी तो २०१० मध्ये ४५ कोटी डॉलरना घेतला. २०१६ मध्ये त्यांनी मिलवॉकीचा ३८वा पिक २४ लाख डॉलरना घेतला आणि पॅट्रिक मकॉला निवडलं. २०१७ मध्ये पुन्हा ३८वाच पिक, या वेळी शिकागोकडून ३५ लाखांना. त्यावर जॉर्डन बेल. २०२३ मध्ये वॉशिंग्टनला रोख देऊन ५७व्या पिकवरचा ट्रेस जॅक्सन-डेव्हिस. हिशेब सरळ आहे. करी, ड्युरँट, थॉम्पसन, ग्रीन यांच्या पगारांनी कॅप ओसंडून वाहत असताना बाजारात मोठा खेळाडू घेता येत नाही. पण ड्राफ्टसाठी दिलेली रोख रक्कम कॅपमध्येही मोजत नाहीत आणि लक्झरी टॅक्समध्येही नाही. मालकाच्या खिशातला पैसा थेट संघाच्या कामी येण्याची ही थोडक्या वाटांपैकी एक आहे.

शिकागोने बेलचा पिक विकला त्या २०१७ च्या ड्राफ्टच्या रात्रीचं त्यांचं वागणं बघा. जिमी बटलरला मिनेसोटाला देऊन त्यांनी नव्याने संघ बांधायला घेतला, आणि त्याच रात्री एक कोवळा खेळाडू पैशाला विकला. नव्याने बांधणाऱ्या संघाला कोवळी पोरंच तर हवी असतात! नोव्हेंबरमध्ये तो बेल शिकागोसमोर उतरला आणि गोल्डन स्टेटने सामना १४३-९४ असा जिंकला.

पण विकत घेतलेला पिक फळतोच असंही नाही, हे भाच्यापासून मी लपवलं नाही. मकॉ २०१७ आणि २०१८ च्या विजेत्या संघात होता, मग करारावरून बिनसलं आणि गोल्डन स्टेटला त्याच्या बदल्यात काहीही न मिळता तो गेला. बेल दोन वर्षांत गेला. दुसऱ्या फेरीतले बहुतेक खेळाडू टिकतच नाहीत आणि संघात कायम करारांच्या जागा पंधराच असतात. त्या भरल्या असतील तर विकणाऱ्याचीही बाजू आहे.

फक्त चूक झाली तर कोणाची किती महाग पडते, ते बघायला हवं. घेणाऱ्याचे वीस-तीस लाख डॉलर बुडतात. विकणाऱ्याचं काय जातं? न्यू जर्सी नेट्सने २००३ मध्ये ५१व्या पिकवरचा काइल कॉर्व्हर फिलाडेल्फियाला १ लाख २५ हजार डॉलरना विकला. त्यातून समर लीगचा, म्हणजे नव्या पोरांच्या उन्हाळी सामन्यांचा, खर्च भागवला आणि उरलेल्या पैशात ऑफिससाठी झेरॉक्स मशिन घेतलं. कॉर्व्हर १७ हंगाम खेळला, २४५० थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे बास्केट) टाकले, २०१५ ला ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. वॉशिंग्टनने २०१४ मध्ये ४६व्या पिकवरचा जॉर्डन क्लार्कसन १८ लाखांना लेकर्सला दिला. २०२१ चा सिक्स्थ मॅन, म्हणजे सर्वोत्तम बदली खेळाडूचा, पुरस्कार त्यालाच मिळाला. डेन्व्हरने २०१३ मध्ये २७वा पिक युटाला देऊन ४६वा पिक आणि ३० लाख डॉलर घेतले. तो २७वा म्हणजे रूडी गोबेअर, चार वेळा सर्वोत्तम बचावपटू. याच डेन्व्हरने पुढच्या वर्षी ४१वा पिक हातचा सोडला नाही आणि त्यावर निकोला योकिच मिळाला.

मधली वाटही आहे. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या सॅक्रमेंटोने २०१९ मध्ये ४७वा पिक न्यूयॉर्कला देऊन ५५वा पिक आणि थोडी रोकड घेतली. वरळीच्या डोममध्ये त्यांचे सामने झाले ते याच वर्षी. हे मला तितकं टोचत नाही, कारण निदान निवडीची पाळी तरी हातात राहिली.

आता नियम बदललेत. एका हंगामात किती रोकड देता-घेता येईल याला मर्यादा आहे. २०२३-२४ मध्ये ती साधारण ७० लाख डॉलर होती. शिवाय पगारखर्च दुसऱ्या ॲप्रनच्या, म्हणजे वरच्या मर्यादेच्या पलीकडे गेला तर सौद्यात रोकड देताच येत नाही. त्यामुळे श्रीमंत मालकाचं पाकीट बऱ्याचदा बंदच असतं आणि पुढच्या वर्षांचे दुसऱ्या फेरीचे पिकच चलनासारखे फिरतात. गंमत म्हणजे २०२४-२५ मध्ये त्या ॲप्रनपलीकडे जाऊन बसलेल्यांत फिनिक्स होता! इश्बिया यांनी ड्युरँटसाठी पहिल्या फेरीचे चार पिक दिले होते. सार्व्हर यांनी पैसे वाचवायला पिक घालवले, यांनी पैसे उधळत घालवले. हात सैल असला म्हणजे डोकं ठिकाणावर आहे असं नव्हे.

म्हणून भाच्याला सांगितलं, गोल्डन स्टेट धर. लेकब आहेत तोवर तरी तुझी सकाळ कोणी ३० लाखांना विकणार नाही. फिनिक्सचा जांभळा जर्सी फारच आवडला असेल तर एक जून थांब. २०२४ पासून ड्राफ्ट दोन दिवस चालतो, दुसरी फेरी दुसऱ्या दिवशी असते. त्या दिवशीच्या सौद्यांची यादी उघड आणि तुझ्या संघाच्या नावापुढे 'रोख रक्कम' आलीय की गेलीय, तेवढं बघ.