पाण्याचा प्रश्न कुठे न्यावा: सर्वसाधारण सभेत की प्रभाग समितीत?

पाणी कमी दाबाने येतंय, ड्रेनेज तुंबतंय, वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन झालेत, मोबाईलवर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेजही येऊन गेलाय आणि नळ मात्र जैसे थे. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच, ‘नगरसेवकांना सांगून सभेत घ्यायला लावू.’ म्हणजे कोणत्या सभेत? महापालिकेच्या मुख्य इमारतीतल्या सर्वसाधारण सभेत, की क्षेत्रीय कार्यालयातल्या प्रभाग समितीत? आमच्या भागाचा विषय दोन्हीकडे फिरून आलाय, म्हणून हे लिहितोय. मुंबईकरांनी थोडं सांभाळून वाचावं, त्यांचा 1888 चा कायदा वेगळा आहे. बाकीच्या महापालिका 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात.

आधी मोठ्या सभेबद्दल. तिचा दरारा खराच मोठा. महिन्यातून निदान एक साधारण सभा घ्यावीच लागते, तीही 20 तारखेच्या आत. सभा जनतेला खुली असते, वर गॅलरीत बसून ऐकता येतं. समोर आयुक्त, खातेप्रमुख, पत्रकार. महापौरांनी ‘प्रशासनाने खुलासा करावा’ असं म्हटलं की पाणीपुरवठ्याच्या प्रमुखांना उठून काहीतरी बोलावंच लागतं, आणि ते बोलणं इतिवृत्तात येतं. एरवी ज्यांच्या केबिनबाहेर ताटकळत बसायचं, ते साहेब सगळ्यांदेखत कागद चाळताना बघण्यात एक समाधान असतं, नाही म्हणत नाही.

पण तहकुबी! माझा कौल फिरवला तो या एका गोष्टीने. आमच्या नगरसेविकेने तयारी उत्तम केली होती. फोटो, सह्यांचं निवेदन, आणि गढूळ पाण्याने भरलेली बाटली. विषयपत्रिकेवर आमचा विषय बराच खाली. सभा सुरू झाली, शोकप्रस्ताव आला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. श्रद्धांजलीला कोणाची हरकत असेल? पण पुढच्या तारखेला कोरम नाही. गणसंख्येअभावी पुन्हा तहकूब. त्यानंतर सभा एकदाची भरली, तर वरच्याच एका विषयावरून घोषणाबाजी, सभात्याग, आणि पुढचे सगळे विषय पुढच्या महिन्यात. दरम्यान बाटलीतला गाळ तळाशी बसून वरचं पाणी इतकं नितळ दिसायला लागलं, की ती दाखवण्यात अर्थ उरला नाही. नगरसेविका म्हणाल्या, ‘दुसरी भरून आणा.’

हे एका पक्षाचं किंवा एका महापौरांचं नाही. वर्तमानपत्रांतल्या सभेच्या बातम्या सवडीने वाचल्या तर ‘तहकूब’ किती वेळा भेटतं ते दिसेल. आणि चर्चा झालीच तरी प्रश्न लगेच सुटतो असंही नाही. ‘अभिप्रायासाठी आयुक्तांकडे’ किंवा ‘दाखल’ (म्हणजे नुसती नोंद घेतली) असा शेरा बसला की कागद पुन्हा खालच्या टेबलांवरून फिरायला निघतो. ठराव झाला आणि प्रशासनाला पटला नाही, तर तो विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, राज्य शासनाकडे जाऊ शकतो, ती तरतूद कायद्यातच आहे. अर्थात एका गल्लीच्या नळासाठी कोणी तेवढं करत नाही, नुसतं लांबणीवर टाकलं तरी भागतं.

आता प्रभाग समिती. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली, त्यातल्या 243-एस कलमाने तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत अशा समित्या आल्या. आपल्या कायद्यात ते कलम 29-अ. त्या भागातले नगरसेवक, प्रभाग अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य, एवढाच गोतावळा. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, स्वच्छता, पावसाळी पाण्याचा निचरा यांबाबतच्या तक्रारींचं त्वरित निवारण हे तिचं काम कायद्यातच लिहिलेलं आहे. अंदाजपत्रकात तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला ती स्वतः मंजुरी देऊ शकते.

दिसायला ही फार रुबाबदार नाही. एक लांब टेबल, चहा, डोक्यावर करकरणारा पंखा. पत्रकार क्वचितच. सभापतींना आधी पत्र दिलं होतं म्हणून आम्हाला मागच्या खुर्च्यांवर बसू दिलं, हा मात्र आमचा अनुभव, सगळीकडे बसू देतीलच असं नाही. पण टेबलाच्या पलीकडे जो कनिष्ठ अभियंता बसला होता, त्याला आमची गल्ली नावानिशी माहीत होती. ‘लाइन जुनी आहे’ हे नेहमीचं उत्तर त्याने दिलंच. त्यावर सभापतींनी विचारलं, ‘मग शेजारच्या गल्लीला त्याच लाइनवर दाब कसा?’ या प्रश्नाला मुख्य सभागृहात कोणी हात घातला नसता, कारण शेजारची गल्ली तिथे कोणाला ठाऊक? शेवटी संयुक्त पाहणी ठरली, तारीख इतिवृत्तात लिहिली गेली.

पाहणीला चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी, आला आणि पाच मिनिटांत त्याने बूट आपटून जागा दाखवली. रस्त्याचं डांबरीकरण करताना व्हॉल्व्हचं चेंबरच गाडलं गेलं होतं. खाली व्हॉल्व्ह अर्धवट बंद, आणि तो फिरवायला कोणाला जागाच नव्हती. खोदलं, चेंबर रस्त्याच्या पातळीला उचलून घेतलं, दाब आला. या कामाला कसला ठराव आणि कसली उपसूचना!

तरी प्रभाग समितीकडे सगळंच नेऊ नका. टाकीच अपुरी असेल, मुख्य जलवाहिनी बदलायची असेल, तर पाच लाखांत काय होणार? पाणीपट्टीचे दर, करवाढ, शहरभराच्या योजना, शिष्यवृत्ती, महिला व बालकल्याणचे कार्यक्रम, हे सगळं मोठ्या सभेचंच काम. त्यातही करांचे दर 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात, तेव्हा करवाढीवर बोलायचं असेल तर मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. आणि प्रभागातले अधिकारीच दाद देत नसतील, समितीत दिलेल्या तारखा सरळ धाब्यावर बसवत असतील, तर वर नेऊन चारचौघांत विचारणं हाच उपाय. आमच्या नशिबाने ती वेळ आली नाही.

एक गोष्ट लक्षात असू द्या. तुमचे नगरसेवक बहुधा मोठ्या सभेकडेच ओढतील. राज्यातल्या महापालिकांच्या मुदती 2020 ते 2023 दरम्यान एकेक करून संपल्या, मग प्रशासक होते, आणि निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी 2026 मध्ये. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला मुख्य सभागृहात बोलायचं असणार, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव हवं असणार. त्यात गैर काही नाही. त्यांना खुशाल तिथे बोलू द्या, फक्त तेच पत्र तेवढ्यात प्रभाग समितीच्या सभापतींनाही द्या.

पत्रात एकच विषय ठेवा. पाणी, कुत्री आणि पार्किंग एकत्र केलंत की उत्तर फक्त कुत्र्यांचं मिळतं. बहुसदस्यीय प्रभाग असेल तर सगळ्या नगरसेवकांची नावं वर घाला, नाहीतर ज्याचं नाव राहिलं तो समितीत गप्प बसतो. आणि बैठक झाली की आठवडाभराने इतिवृत्ताची प्रत मागायला स्वतः जा. अभियंत्याने तोंडी दिलेली तारीख त्यात उतरली आहे ना, एवढंच बघायचं. नसेल, तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्याआधी सभापतींच्या कानावर घाला.