साधं सीए की डीसीए, सफरचंदं ठेवायला काय बरं?

सीए म्हणजे कंट्रोल्ड अ‍ॅटमॉस्फिअर, बंद कोल्ड रूममधली हवाच बदलून फळ टिकवायचं; डीसीए म्हणजे त्याचाच डायनॅमिक, म्हणजे फळ बघून बदलत राहणारा प्रकार. थंडी दोन्हीकडे लागतेच, बहुतेक जातींना ० ते १ डिग्रीच्या आसपास, खरा फरक आहे तो ऑक्सिजनचा. हवेत असतो २१ टक्के, साध्या सीए रूममध्ये तो १ ते ३ टक्क्यांवर आणून तिथेच फिक्स ठेवतात, मग फळाचं श्वसन मंदावतं, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) कमी बनतं आणि माल महिनोन्महिने कडक राहतो. डीसीएमध्ये आकडा ठरलेला नसतो, फळाला झेपेल तितकं खाली जायचं, कधी कधी पार ०.५ टक्क्यापर्यंत, आणि सेन्सर सालीतल्या क्लोरोफिलचा (हिरव्या रंगद्रव्याचा) फ्लोरोसन्स, म्हणजे प्रकाश पडल्यावर ते परत सोडतं तो मंद उजेड, बघत बसतो, तो अचानक वाढला की समजायचं फळ गुदमरतंय, लगेच ऑक्सिजन थोडा वर घ्यायचा. नाहीतर फळ आतून आंबायला लागतं, दारूसारखा वास मारतं, मग खा तुम्हीच!

डीसीएचा मोठा फायदा स्काल्डमध्ये, म्हणजे साल तपकिरी पडते ना ते, केमिकल न वापरता बरंच आटोक्यात राहतं. पण रूम एकदम एअरटाइट हवी, सेन्सर हवेत, लक्ष ठेवणारा माणूस हवा. माल तीन-चार महिन्यांत काढायचाच असेल तर माझ्या मते साधं सीए पुरे. आणि हो, कार्बन डायऑक्साइड दोन्हीकडे सांभाळा, काही जाती त्यानेच आतून तपकिरी होतात.