भाजीत कालवलेली पुडी

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी आमच्या दादाला रोज मिळायची. कधी मोहाची, कधी बाहेरून आलेली बाटली. कापसाचा चुकारा आला तेव्हा त्यातले सहा हजार मी आठवडी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याला दिले. तो म्हणाला, "पिणाऱ्याले सांगाचं कामच नाही. भाजीत टाका, महिन्याभरात दारूचा वासही सहन होनार नाही." आईला हेच पटलं. दादापुढे दारूचा विषय काढला की घरात भांडी उडायची.

वहिनी रोज भाजीत पुडी कालवायची. पाचव्या दिवशी दादा पिऊन आला आणि पंधरा मिनिटांत त्याचा चेहरा, मान, छाती लालबुंद झाली. डोकं फुटतंय म्हणत ओकायला लागला, छाती धडधडत होती, मग ओसरीतच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत नाडी हाताला लागत नव्हती.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू सोडायच्या गोळ्या चालू आहेत का?" वहिनीने रडत पुडी दाखवली. लक्षणं डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधाची आहेत, त्याच्या गोळ्या कुटून विकल्या असाव्यात, असं ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक पिणाऱ्याच्या घरी कळायला हवं. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं, पण शरीरातलं एक विकर (एन्झाइम) लगेच त्याचं साध्या आम्लात रूपांतर करतं. डायसल्फिराम हे विकरच बंद पाडतं, म्हणून विष रक्तात साठत जातं. दारूची ओढ या गोळीने कमी होत नाही. तिचा सगळा उपयोग धाकाचा. प्यालो तर काय होईल हे ठाऊक असलेला माणूस पीत नाही. ज्याला ठाऊकच नाही, त्याला धाक कसला? आमचा दादा शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "आजची दारू भेसळीची होती, उद्या दुसरीकडून आणतो." ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं.

ही गोळी डॉक्टर सुरू करतात तेव्हा माणूस किमान बारा तास दारूशिवाय असावा लागतो. हृदय आणि यकृत तपासतात, आणि आसव-अरिष्टं, खोकल्याची काही औषधं यांतही अल्कोहोल असतं, तेही टाळायला सांगतात. तो बाजारातला माणूस यातलं काही बोलला नव्हता. त्याने दादाचं वयही विचारलं नाही. नंतर तो बाजारात दिसला नाही. तुमच्याकडे कोणी "न कळता द्या" म्हणत आला, तर पुडी घेऊ नका.

दादा आता सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जातो, औषध स्वतःच्या हाताने घेतो. पण वहिनीने वाढलेली भाजी अजूनही आधी तिला खायला लावतो.