खळीचा कागद की आर्ट पेपर? नस्तालीक लिहिणाऱ्यांसाठी

नस्तालीक, म्हणजे फारसी-उर्दू सुलेखनाची शैली, शिकताना बोरू नीट तासता येऊ लागला आणि अलिफ हे उभं अक्षर तीन नुक्त्यांच्या (बोरूच्या ठिपक्यांच्या) उंचीत उभं राहू लागलं, की कागदाचा प्रश्न येतोच. दुकानातला गुळगुळीत आर्ट पेपर आणावा, की हातकागदाला घरी खळ देऊन तो घोटावा? मी दोन्हींवर भरपूर शाई सांडली आहे, त्यामुळे थोडं बोलतो. तुमचा हात वेगळा असेल, तर मत वेगळं होऊ शकतं.

आर्ट पेपरला नावं ठेवणं सोपं आहे, पण तसं करू नये. तो स्वस्त पडतो, प्रत्येक ताव सारखा निघतो आणि आणला त्याच दिवशी लिहायला बसता येतं. बोरू कुठे अडत नाही. माझ्या हाताला तो जरा जास्तच निसरडा वाटतो, लांब कशीदा, म्हणजे अक्षराची ताणलेली रेघ, ओढताना बोरू माझ्या आधी पुढे पळतो. पण हा दोष कागदाचा की मनगटाचा, हे मी ठामपणे सांगणार नाही.

खळीचा कागद म्हणजे कष्ट. फारसी कारखान्यांत याला आहार आणि मोहरा म्हणत: आधी खळ, मग दगडाने घोटाई. हेरातच्या दरबारात उमेद घालवलेल्या सुलतान अली मशहदी या सुलेखनकाराने उतारवयात, १५१४ साली, सुलेखनावर एक पद्यग्रंथ रचला. त्यात तो अक्षरावरच थांबत नाही, खळीची कृतीही देतो. स्टार्च शिजवा, थोडा सरस घाला, गाळून घ्या. फार घट्ट नको, फार पातळ नको. ही शेवटची अट मला तीन फसलेल्या घाण्यांनंतर समजली. कुरडयांसाठी काढतात तोच गव्हाचा चीक मी वापरतो. पहिल्या वेळी तो इतका दाट झाला, की घोटायचा अकीक दगड फिरवताच कागदाला पापडासारखे तडे गेले. कागद दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा होता. दौलताबादी कागद आपल्या जुन्या दप्तरांतही सापडतो, त्यामुळे तो वाया घालवताना जरा जास्तच लागलं.

एवढा उपद्व्याप मी का पत्करला, तर एका नुक्त्यापायी. आर्ट पेपरवर चलीपा, म्हणजे चार तिरक्या ओळींची रचना, लिहीत होतो. तीन तिरक्या ओळी मनासारख्या उतरल्या होत्या. चौथीत ‘दोस्त’ शब्द, त्यातलं ताणलेलं ‘सीन’ अक्षरही छान बसलं, आणि शेवटच्या ‘ते’चा एक नुक्ता घसरून त्या सीनला जाऊन चिकटला. म्हटलं, ब्लेडने अलगद खरवडू. आर्ट पेपरच्या अंगावर चिनी मातीचा पातळ लेप असतो. तो ब्लेडबरोबर निघून आला आणि खालचा कागद टिपकागदासारखा उघडा पडला. नवा नुक्ता ठेवला, तर शाई फुटून त्याला चहूकडून पाय आले. तीन तास पाण्यात. असं एकदा झालं असतं तर विसरलो असतो. पाचव्यांदा झालं तेव्हा मी चिकासाठी गहू भिजत घातले.

खळीच्या कागदावर काजळ-डिंकाची शाई वरच्या थरावर बसते, तंतूंत मुरत नाही. काडीला कापूस गुंडाळायचा, जेमतेम ओला करायचा, चुकलेला नुक्ता टिपून घ्यायचा. जागा वाळली की अकीकाचे चार हात, आणि पुन्हा लिहायचं. तिरक्या उजेडात धरल्याशिवाय डाग दिसत नाही. जुने लोक बोट ओलं करून किंवा थेट जिभेनेच काम भागवत. तुर्कीत शिकल्यासवरल्या माणसाला ‘शाई चाटलेला’ म्हणतात ते त्यावरूनच, असं सांगतात. फक्त शाई काजळाचीच हवी. बाटलीतली अॅक्रिलिक शाई एकदा वाळली की हलत नाही, मग खळीचा फायदा काय!

तोटाही सांगतो. जी शाई कापसाने निघते ती पावसाच्या थेंबानेही निघते. शिवाय खळ म्हणजे खाऊच, तिला कसर लागते, झुरळं येतात. जुन्या हस्तलिखितांवर किड्यांना दूर ठेवण्यासाठी ‘या कबीकज’ (हे कबीकजा) असा धावा लिहीत. मीही एका तावावर हौसेने लिहिलं. झुरळाने नेमका तोच कोपरा खाल्ला, त्याला लिपी येत नसावी.

रोजच्या मश्कला, म्हणजे तीच दोन अक्षरं शंभरदा गिरवायला, आर्ट पेपर खुशाल वापरा. सियाह मश्क, म्हणजे अक्षरांवर अक्षरं चढवत कागद काळा करण्याचा सराव, करायचा असेल तर चुकीवर चूक चढवायचीच असते, तिथे खोडण्याचा प्रश्नच नाही. पण एखादी ओळ भिंतीवर लावायची असेल, तर माझ्या मते निदान पाच ताव खळ देऊन बघावेत. मात्र खळ दिवाळीनंतर द्या, जुलैमध्ये दोरीवरचा कागद चार-चार दिवस वाळत नाही. आणि घोटण्याआधी पाट स्वच्छ पुसा, वाळूचा एक कण राहिला तरी कागदावर कायमची रेघ उठते.