मुंबईचं ताज की दिल्लीचं मौर्य?

लॉटरी लागली तर चित्रं बघायला कुठल्या हॉटेलात एक रात्र राहायचं, यावर आमच्या ग्रुपमध्ये रोज भांडण. पर्याय दोनच, कुलाब्याचं ताज महाल पॅलेस नाहीतर दिल्लीचं आयटीसी मौर्य.

ताज १९०३ चं, म्हणजे समोरच्या गेटवेपेक्षाही जुनं. रिसेप्शनच्या मागे हुसेनची चित्रं, आतल्या संग्रहात गायतोंडेसुद्धा, आणि २००८ च्या हल्ल्यात खराब झालेली चित्रं नंतर किती मेहनतीने नीट केली, ते वाचलं की अजून भारी वाटतं. पण खरं सांगू, मला तिथे चित्रांपेक्षा तो मधला जिनाच जास्त आवडतो, वर मान करून बघतच राहावं असा.

मौर्यमध्ये मात्र मान वर करायची ती चित्रासाठीच. लॉबीच्या घुमटाच्या आत कृष्ण खन्नांनी अख्खी मिरवणूक रंगवलीय, द ग्रेट प्रोसेशन, आणि त्यात नुसते राजेबिजे नाहीत, साधी रस्त्यावरची माणसंही आहेत, एकेक चेहरा शोधत बसलं तर चेक-इन राहूनच जाईल बघा. शिवाय मीरा मुखर्जींचा ब्राँझचा अशोक आहे, कलिंगवाला. वर तिथल्याच बुखारा रेस्टॉरंटची रात्रभर शिजलेली काळी डाळ, ती कलेत धरायची की नाही ते तुम्हीच ठरवा :)

समुद्र हवा तर ताज, पण नुसत्या चित्रांसाठी पैसे घालायचे तर माझं मत मौर्यला. मुंबईकरांनी शिव्या घातल्या तरी चालेल, ताजमध्ये चहा प्यायला कधीही जाता येतं (खिसा गरम असेल तर).