क्वचित लागणारा घरचा कॉम्प्युटर आणि विंडोजचा डिफेंडर : दिवाळीपासूनचा अनुभव

आमच्या घरी अजून डेस्कटॉप आहे म्हटलं की ऑफिसातली पोरं हसतात. पण आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १०, शेजारी लेझर प्रिंटर. रोजची कामं सगळ्यांची मोबाइलवरच होतात. कॉम्प्युटर लागतो तो अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सातबारा नाहीतर पेन्शनची कागदपत्रं छापायला, जुलैत रिटर्न भरायला आणि मुलीच्या परीक्षेच्या फॉर्मना, जिथे फोटो अमुक केबीच्या आतच लागतो. एरवी आठवडेच्या आठवडे त्याच्यावर कव्हर असतं.

दिवाळीच्या सुमारास दोन गोष्टी एकदम आल्या. विकतच्या अँटिव्हायरसची मुदत संपली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे तो मार्ग आमच्या मशिनला बंदच. वर्षातून मोजक्या वेळा लागणाऱ्या वस्तूसाठी नवा कॉम्प्युटर घेणं पटेना. मग ठरवलं की अँटिव्हायरस पुन्हा घ्यायचा नाही, विंडोजमधल्याच डिफेंडरवर भागवायचं. आता उन्हाळा आलाय, तोवरचा हा अनुभव. रोज आठ तास चालणाऱ्या मशिनला यातलं निम्मं लागू पडणार नाही.

डिफेंडर वेगळा बसवावा लागत नाही. दुसरा अँटिव्हायरस निघाला की तो आपणहून ताबा घेतो. फक्त मुदत संपलेला जुना अँटिव्हायरस रीतसर अनइन्स्टॉल करून टाका, नाहीतर कुणाच्या हातात कारभार आहे तेच कळत नाही. बऱ्याच कंपन्या आपापल्या अँटिव्हायरसचा मागमूस पुसायला वेगळं टूल देतात, तेही चालवलेलं बरं. नंतर विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’वर हिरवी खूण दिसते का ते बघायचं. झालं.

डिफेंडर की विकतचा, यावर लोक तासन् तास वाद घालतात. इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं झालंय की क्वचित लागणाऱ्या मशिनच्या बाबतीत तो वाद दुय्यम आहे. असं मशीन नुसतं चालू राहून स्वतःचं स्वतः आवरून घेईल, एवढा वेळ त्याला मिळतो का, हा खरा प्रश्न. आपण काय करतो? उद्या फॉर्मची शेवटची तारीख, म्हणून रात्री अकराला बटण दाबतो. त्या क्षणी विंडोज अपडेट, डिफेंडरच्या व्याख्या (व्हायरस ओळखायच्या खुणांची यादी), राहून गेलेलं स्कॅनिंग, क्रोमचा अपडेट, सगळे एकदम पंगतीला बसतात. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के. माउस अडखळतो, आपण वैतागतो, फॉर्म कसाबसा भरतो आणि बटण बंद. मशिनचं काहीच पुरं झालेलं नसतं. पुढच्या वेळी तोच तमाशा.

मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये आपल्या आकडेवारीवरून सांगितलं होतं की अपडेट आल्यावर तो खात्रीने बसायला मशीन सलग किमान २ तास आणि एकूण ६ तास इंटरनेटला जोडून चालू असावं लागतं. हे वाचल्यावर मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आमचं मशीन एका बैठकीत तासभरसुद्धा चालत नव्हतं.

मग घडी अशी बसवली. विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, तेही अमेरिकेतल्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा. त्यानंतरच्या रविवारी नाश्त्याच्या आधी मशीन चालू करायचं, ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. स्लीप मोड तेवढ्यापुरता बंद ठेवायचा. विंडोजची देखभाल एरवी रात्री दोनला ठरलेली असते. त्या वेळी मशीन बंद असेल तर पुढे ते चालू असताना रिकामं सापडलं की ती उरकली जाते. म्हणून ते रिकामपण मुद्दाम द्यायचं. शेवटी शट डाउन करायच्या आधी एकदा रीस्टार्ट. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

एक महिना चुकला तर आभाळ कोसळत नाही. अपडेट आता एकत्रित असतात, आधीचं सगळं शेवटच्या गठ्ठ्यात येतं. डिफेंडरच्या व्याख्यांचंही तसंच. फक्त फार दिवसांनी चालू केलं तर लहान तुकड्याऐवजी शंभर एमबीच्या पुढचा अख्खा संच उतरतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू आहे का ते बघा. ते चालू असलं की विंडोज मोठे अपडेट रोखून धरतं, आणि आपण ‘अपडेट का येत नाही’ म्हणत बसतो.

विंडोज १० वाल्यांनी एक फरक नीट समजून घ्यावा. डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत. त्यामुळे हिरवी खूण दिसत राहील आणि सगळं आलबेल वाटेल. पण खुद्द विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट वेगळे. त्यांच्यासाठी ईएसयूला (मुदत संपल्यानंतर सुरक्षा अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) नाव नोंदवावं लागतं आणि तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक असते. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. मी फुकटचा मार्ग घेतला. घरच्या डेस्कटॉपला ऑनलाइन खातं जोडावं लागतं हे मला फारसं रुचलं नाही, पण पर्याय पाहता चालवून घेतलं.

व्याख्या ताज्या असल्या तरी भोक उघडं राहिलं तर काय होतं, त्याचं उदाहरण मे २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसचं. कुणी काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरजच नव्हती. नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपोआप शिरायचा आणि फाइली कुलूपबंद करायचा. त्या भोकाचा अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी आलेला होता.

आता प्रत्यक्ष व्हायरस. इतक्या महिन्यांत गाठ पडली ती पेनड्राइव्हवरूनच, आणि आपल्याकडे बहुतेकांची तशीच पडते. अण्णा एका दुकानातून रंगीत प्रिंट काढून आले. पेनड्राइव्ह लावला तर आत फाइली नाहीतच, फक्त पेनड्राइव्हचंच एक चित्र, त्यावर शॉर्टकटचा छोटा बाण, आकार जेमतेम केबीभर. डबल क्लिक करायच्या आतच उजव्या कोपऱ्यात डिफेंडरची सूचना आली आणि ते चित्र गायब. अण्णा म्हणाले, “अगं, याने माझे फोटो खाल्ले की!” खाल्ले नव्हते. या जातीचा व्हायरस सगळ्या फाइली एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलतो आणि फोल्डर लपवून ठेवतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवायची खूण केली, ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूण काढली, तसा नाव नसलेला फिकट पिवळा फोल्डर दिसला. फोटो आत सुखरूप. ते बाहेर काढून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्या दोन्ही खुणा पुन्हा होत्या तशा केल्या.

तेव्हापासून घरात शिस्त आहे: आधी इंटरनेट, मग व्याख्यांचा अपडेट, मग पेनड्राइव्ह. डिफेंडरची बरीचशी हुशारी क्लाउडवर असते, इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते. विकतच्या अँटिव्हायरसमध्ये एक सोय होती, पेनड्राइव्ह लावला रे लावला की स्कॅन करू का म्हणून विचारायचा. डिफेंडर तसं विचारत नाही, ड्राइव्हवर राइट क्लिक करून आपणच सांगायचं. ही उणीव खरी. घरात ज्येष्ठ माणसं एकटीच मशीन वापरत असतील, तर एवढ्यासाठी विकतचा घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

दुसरा प्रसंग तर व्हायरसचा नव्हताच. “कॉम्प्युटरला पाच व्हायरस लागलेत म्हणतोय, फोन नंबरपण दिलाय.” “अण्णा, फोन लावू नका हं,” मी स्वयंपाकघरातूनच ओरडले. डिफेंडर गप्प होता, आणि त्याचं बरोबरच होतं, कारण मशीनमध्ये काही नव्हतंच. कुठल्यातरी वेबसाइटने ‘अलाऊ’ दाबून घेतलं होतं आणि ती क्रोममधून नोटिफिकेशन सोडत होती. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्जच्या नोटिफिकेशनमध्ये जाऊन ती साइट काढली, आणि कुठल्याच साइटने परवानगी मागू नये असं करून ठेवलं. खरा अँटिव्हायरस फोन करायला सांगत नाही, हे अण्णांना एकदाच सांगावं लागलं. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायचं, तो नंबर मॉनिटरच्या कडेला चिकटवला आहे.

बंद पडून राहणाऱ्या मशिनची एक खास दुखणं आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. भिंतीवरचं बटण बंद असलं की आतलं घड्याळ या सेलवर चालतं. तो संपला की मशीन भलत्याच वर्षात जाऊन बसतं. मग वेबसाइटची सर्टिफिकेटं ‘अवैध’ दिसतात, बँकेची साइट उघडत नाही, विंडोजचा अपडेट अडतो, आणि घरातले सगळे म्हणतात व्हायरस आला. चालू केल्यावर सगळ्यात आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख बघायची. सेल साधाच आहे, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. मशिनचा प्लग काढायचा आणि बदलायचा.

डिफेंडर आणि विंडोज अपडेट यांच्या नजरेबाहेर राहतात ती बाकीची सॉफ्टवेअरं. आपल्याकडच्या जुन्या मशीनवर विनरार (दाबून लहान केलेल्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर) असतोच, ४० दिवसांच्या चाचणी मुदतीवर वर्षानुवर्षं चाललेला. तो स्वतःहून अपडेट होत नाही. जुलै २०२५ मध्ये त्यातल्या एका भोकाचा हल्लेखोरांनी प्रत्यक्ष वापर केला होता आणि ते ७.१३ या आवृत्तीत बुजवलं गेलं. आमच्याकडे त्याहून कितीतरी जुनी आवृत्ती होती. मी विनरार काढूनच टाकला, झिप फाइली विंडोज तशाही उघडतं. क्रोमचं म्हणाल तर ‘अबाउट क्रोम’ उघडून रीलाँच दाबलं की काम होतं. अजून विंडोज ७ वर असणाऱ्यांना मात्र क्रोम १०९ च्या पुढे मिळत नाही. अशा मशीनवर बँकेचं काम करू नये.

डिफेंडरमध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची रॅन्समवेअरविरोधी (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसविरुद्धची) सोय आहे, पण ती मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स, पिक्चर्समध्ये काही लिहिता येत नाही. आमच्याकडे तिने सुरुवातीला स्कॅनरचंच सॉफ्टवेअर अडवलं. त्याला परवानगी दिल्यापासून शांत आहे. तरी फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहे, आणि ती डिस्क कपाटात असते, मशिनला लावलेली नाही.

गती सुधारली ती जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्यावर. अँटिव्हायरस मशीन हळू करतो, ही तक्रार घरात त्यानंतर कुणी केली नाही.

ऑक्टोबर २०२६ नंतर याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी असा विचार आहे. काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, तसं बघते आहे. प्रिंटर लगेच सापडला, मराठी टायपिंग होतं, सातबाराची पीडीएफ उघडते. पत्त्यांचा डाव मात्र विंडोजसारखा दिसत नाही, म्हणून अण्णांनी अजून होकार दिलेला नाही.