माचा पाण्यात घ्यावा की दुधात?

माचा, म्हणजे बारीक दळलेल्या हिरव्या चहाच्या पानांचे जपानी पेय, घरी करून पाहायचे ठरले की बहुतेक जण पूड कोणती घ्यावी याची चौकशी सुरू करतात. वास्तविक ती पाण्यात घुसळून प्यायची की दुधात मिसळून, हे आधी ठरवावे, कारण पूड, साधन आणि खर्च या तिन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात.

जपानी रीतीच्या पातळ माचाला उसुचा म्हणतात. त्यात साधारण २ ग्रॅम पूड आणि ६० ते ७० मिलिलिटर गरम पाणी, एवढेच असल्यामुळे पुडीतला कोणताही दोष लपत नाही. चांगल्या पुडीसाठी चहाची झुडपे तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादनाखाली ठेवतात. ऊन कमी मिळाल्याने पानांतले थिॲनिन (गोडसर चव देणारे द्रव्य) टिकते, कॅटेचिन (तुरटपणा आणणारे द्रव्य) कमी तयार होते आणि त्यामुळे तुरटपणा उतरून चवीला गोडसर भरीवपणा येतो. पुढे पाने वाफवून, न वळता वाळवून, देठ आणि शिरा काढून दगडी जात्यात दळतात. असे एक जाते तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पूड देते, म्हणूनच जपानमधल्या उजी किंवा यामे येथील चांगल्या माचाची किंमत ऐकून दचकायला होते.

ही सारी मेहनत दुधात बुडून जाते. दूध आणि साखर यांच्यापुढे नाजूक चव टिकत नाही, उलट नंतरच्या तोडणीची, थोडी कडवट आणि स्वस्त पूडच दुधात अधिक उठून दिसते. महागडी पूड दुधात घालणे मला तरी उधळपट्टी वाटते. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल ग्रेड’ (चहाविधीच्या दर्जाची) या शब्दांवरही फार विसंबू नये, कारण जपानमध्ये अशी कोणतीही अधिकृत प्रत नाही. पुडीचा रंग ताज्या पोपटी छटेचा आहे की पिवळट, आणि उत्पादनाचे ठिकाण स्पष्ट दिले आहे का, हे पाहणे जास्त उपयोगाचे.

साधनांतही असाच फरक पडतो. पाण्यातल्या माचासाठी चासेन, म्हणजे एकाच बांबूच्या तुकड्यातून चिरून केलेली घुसळणी, घेण्याजोगी आहे. जपानच्या नारा प्रांतातले ताकायामा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. ती आधी कोमट पाण्यात भिजवावी, पूड गाळून घ्यावी, पाणी ८० अंशांच्या आसपास आणावे आणि मनगटाने चासेन झपाझप पुढे-मागे चालवावी. ताकाच्या रवीसारखी ती गोल फिरवली तर गुठळ्या तशाच राहतात आणि बारीक फेस धरत नाही. फेस किती हवा याबाबत जपानमध्येही एकमत नाही: चहाविधीच्या उरासेन्के परंपरेत तो भरपूर काढतात, ओमोतेसेन्के परंपरेत बेताचा. दुधासाठी मात्र बॅटरीवरचा फेसक, म्हणजे फेस काढणारे छोटे यंत्र, पुरेसा आहे. त्याचे बुडबुडे मोठे येतात, पण दुधात ते खटकत नाहीत, आणि धुण्याचीही कटकट नसते. चासेनला साबण लावायचा नाही, ती उघड्यावर सुकवायची, आणि तिचे दात कालांतराने तुटतात, हे ती घेण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

कॅफीनच्या बाबतीत निवडीने काही बिघडत नाही. पूर्ण पान पोटात जात असल्याने २ ग्रॅममध्ये ते साधारण ६० मिलिग्रॅम असते, म्हणून रात्री दोन्ही टाळावेत.

ज्यांचे अजून ठरत नसेल त्यांनी चांगल्या पुडीचा २० किंवा ३० ग्रॅमचा लहान डबा घ्यावा. पाण्यातली चव रुचली नाही तर तीच पूड दुधात संपवता येते. दुधासाठी घेतलेली पूड मात्र पाण्यात कडवटच लागते. डबा फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पुडीला लगेच ओल धरते.